परत मागितलेला तरवा

लोक कोल्हापूरला देवीला जातात, रंकाळ्यावर हवा खायला जातात, येताना गूळ आणि चपला घेऊन येतात. मी गेले ती घाबरून. मुळात मी जात्याच भित्री. लिफ्टमध्ये एकटी जात नाही, आणि पाल दिसली म्हणून प्रयोगशाळेतल्या स्टुलावर चढलेली मला पुष्कळांनी पाहिलेली आहे. त्यात या प्रवासाचं खरं कारण मी नवऱ्यालासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. "सुजाताच्या गावाला जाऊन येते," एवढंच म्हटलं. त्याला वाटलं, तिचं लग्न ठरतंय.

सुजाता माझी विद्यार्थिनी. शतक संपायला तेव्हा दोन-तीन वर्षं राहिली होती आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत आम्ही वनस्पतींच्या जनुकांवर काम करत होतो. डॉक्टर लोकांना जसा पांढरा उंदीर, तशी आम्हाला तंबाखू. तिच्यात बाहेरचं जनुक घालणं सोपं, आणि पानाच्या तुकड्यातून अख्खं झाड उभं करणंही सोपं. सुजाताने तंबाखूत एका रोगाला तोंड देणारं जनुक घातलं होतं आणि त्याच्या शेजारी एक खुणेचं. खुणेचं जनुक ज्या पानात असेल, ते पान एका रसायनात ठेवलं की निळं होतं. नसेल तर होत नाही. अशी रोपं बंदिस्त काचघराबाहेर न्यायची नाहीत, असा कडक नियम होता. फुललं, बी धरलं, वाऱ्यावर गेलं, की ते कुठे पोचलं हे कोण सांगणार? तंबाखूचं बी म्हणजे धूळच. चिमटीत शेकडो दाणे मावतात.

हे बी आम्ही फोटोच्या रोलच्या काळ्या डब्यांत ठेवायचो. काचघरात पेरायला म्हणून एक डबी सुजाताच्या पिशवीत होती. त्याच दुपारी आई तापाने फणफणल्याचा निरोप आला आणि ती तशीच एसटी स्टँडवर गेली. परत आली तेव्हा आई बरी झाली होती; पिशवी मात्र गावीच राहिली. डबी आपण काचघरातल्या कपाटात ठेवली, अशीच तिची समजूत राहिली.

मग श्रावणात तिच्या वडिलांचा मुरगूडच्या एसटीडी बूथवरून फोन आला. ते तंबाखू लावणारे शेतकरी. पिशवीत डबी सापडली, झाकण उघडून बघितलं, आणि त्यांनी ते बी पाहता क्षणी ओळखलं. पोरीने पुण्याहून आपल्यासाठी बी आणलं आणि आजारपणाच्या गडबडीत सांगायचं विसरली, असंच कुठल्याही बापाला वाटलं असतं.

सुजाता माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "बाई, आबांनी ते पेरलंय," ती म्हणाली, "आणि झकास उगवलंय म्हणतात."

मी तिला कोल्हापूरच्या रात्रीच्या गाडीची दोन तिकिटं काढायला सांगितली.

कोल्हापूर स्टँड

सकाळी कोल्हापुरात उतरलो. असल्या रोपांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या समितीला कळवण्याआधी नेमकं काय पसरलंय ते डोळ्यांनी बघायचं, असं मी ठरवलं होतं. खरं म्हणजे कळवण्याची भीती दोन दिवस पुढे ढकलली होती. सुजाताची पीएचडी जाईल, काचघराला कुलूप लागेल, वर्तमानपत्रात काहीबाही येईल, हे सगळं मी रात्रभर बसमध्ये आळीपाळीने बघत आले होते.

स्टँडसमोर मिसळ मागवली. कट असा लालभडक, की एरवी मी त्याच्यावर जीव टाकला असता. त्या दिवशी मी नुसता पाव कुस्करत बसले. सुजाताने तर नुसता चहा घेतला. शेजारच्या टेबलावरचे दोघे ऊसदरावर इतक्या मोठ्याने बोलत होते, की मला वाटलं आता मारामारी होणार. "भांडत नाहीत बाई," सुजाता म्हणाली. "आमच्याकडं प्रेमानं असंच बोलतात."

माझ्या मांडीवर थर्मास होता. त्यात बर्फ आणि बर्फात ते निळं करणारं रसायन. बर्फ वितळत आला होता म्हणून सोडावाल्याकडून नवा भरून घेतला. मुरगूडच्या गाडीत कंडक्टरने त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "पोलिओची लस हाय व्हय मॅडम?"

मी घाबरून मान डोलावली. का, देव जाणे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. कागलच्या पुढे एक बाई तान्हं मूल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि पोराचं तोंड उघडून म्हणाली, "ह्येलाबी दोन थेंब द्या की." मी थर्मास घट्ट धरून ठेवला. सुजातानेच सांभाळून घेतलं. "लस न्हाय मावशी, कॉलेजचं औषीद हाय. पानांवर टाकायचं." कागल सुटलं तशी तिची पुण्याची भाषा उतरत चालली होती. त्या बाईने मात्र पुढचा सगळा रस्ता माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघितलं.

वेदगंगा तांबडी आणि फुगलेली होती. पुलावरून जाताना मी डोळे मिटून घेतले.

मुरगूडच्या पुढे

गाव मुरगूडपासून जवळच. एका चढावर बौद्धवाडा, त्याच्या मागे सुजाताच्या घरची जमीन, उताराची. घरात बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी सुजाताचा पदवीच्या झग्यातला फोटो, दोन्ही एकाच उंचीवर लावलेले. आबा दारातच उभे होते. उंच, वाळके, डोक्याला पांढरा फेटा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला त्यांच्याकडे बघवेना.

"या की बाई! आलाईसा ते बेस झालं. तुमचं बी बघाय आलाय न्हवं?"

चहा पिऊ दिला नाही, थेट वाफ्यावर नेलं. चार वाफे होते, उतारावर एकाखाली एक. वरचा पुण्याच्या बियांचा, खालचे तीन त्यांच्या घरच्या. वरच्या वाफ्यातली रोपं हिरवीगार, तकतकीत, एकसारखी. मी आयुष्यभर तंबाखू काचेच्या बाटलीत पाहिलेली. पावसात भिजलेली, मातीत उभी असलेली ती पहिल्यांदाच पाहत होते, आणि कुणाला सांगू नये इतकी ती सुंदर दिसत होती.

आबा बोलत होते. लागणीच्या आधी, म्हणजे रोपं वाफ्यातून रानात लावण्याआधी, गावात ती रोपं, म्हणजे तरवा, एकमेकांना द्यायची रीत आहे. ज्याचा उरला तो दुसऱ्याला देतो, पैसे घेत नाही, आणि दिलेला तरवा कुणी परत मागत नाही. "माझ्या बापाला गावाचा उरलासुरला तरवा मिळायचा," ते म्हणाले. "त्योबी बांधावरनं टाकत. हातात न्हाय द्यायचे. आन् आमचा तरवा तर कुनी बघितलाबी न्हाय कवा. आवंदा बगा! पुण्याचं बी म्हटल्यावर चौघं जण सांगून गेल्यात. काल सर्जेराव पाटलाचा गडी आला, पयली जुडी त्यानं नेली. पाटलाच्या रानात माझा तरवा लागला, बाई."

मी सुजाताकडे पाहिलं. ती खाली मातीकडे बघत होती.

म्हणजे काल. आम्ही पुण्यात पिशव्या भरत होतो तेव्हा ते बी वाफ्याबाहेर पडलं होतं. आणि दुसरी गोष्ट मला तिथे उभ्या उभ्या दिसली. वरच्या वाफ्याचा खालचा काठ पावसाने फुटला होता आणि मातीचा ओघळ खाली घरच्या वाफ्यात उतरला होता. बी धुळीसारखं, पाण्याबरोबर कुठवर गेलं असेल?

रात्री कोंबडं कापलं होतं. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला "जेवूनच आला असाल" असं म्हणायची पद्धत. इथे ताट पुढ्यात आलं तेव्हा रश्शाचा तवंग बघूनच समजलं, की घरातलं चांगलं म्हणावं ते सगळं त्यात आहे. सुजाताची आई समोर बसून वाढत होती. "मी करतो की अजून भाकरी, लाजू नगासा," ती म्हणाली. तिकडच्या बायका स्वतःबद्दल असं पुरुषासारखं बोलतात. एरवी मला त्याची फार गंमत वाटली असती. मी प्रत्येक घास घेत होते आणि ज्यांचं खातेय त्यांचं उद्या काय करायचंय, हे मनात येत होतं.

वाफा

सकाळी सुजातानेच सांगितलं. वाफ्याच्या काठावर, उभ्याने, वडिलांच्या तोंडाकडे बघत. मी मध्ये बोलणार होते. तिने हाताने थांबवलं. ही डबी तुमच्यासाठी नव्हती आबा. माझी चूक झाली. हे बी बाहेर आणायचं नसतं.

आबांनी वाकून एक रोप बोटांनी चाचपलं. मग मला म्हणाले, "ह्या पाल्यानं माणूस मरतंय?"

"नाही."

"जनावर?"

"तसं वाटत नाही."

"मग?"

"हे बाहेर पसरलं तर काय होईल, ते आम्हाला ठाऊक नाही."

"ठावं न्हाय ते बनवता कशाला?"

मी उत्तर द्यायला गेले. रोगाने पिकं जातात, माणसं उपाशी राहतात, म्हणून आम्ही शोधतो. आणि शोधताना ठाऊक नसतंच, म्हणून तर काचेत बंद ठेवतो. हे सगळं खरं आहे, आजही मला ते पटतं. पण त्या वाफ्यावर ते बोलताना माझा आवाज मलाच पोकळ लागत होता. आबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आता काय करायचं?"

वरचा वाफा जायचाच होता. प्रश्न खालच्या तिन्हींचा होता. ते वाचले, तर आबांची लागण वाचणार होती. मी प्रत्येक वाफ्यातून थोड्या थोड्या रोपांच्या पानांचे बारीक तुकडे घेतले आणि बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळ्यांत, रसायनात बुडवले. प्रयोगशाळेत त्या उबेच्या पेटीत ठेवतात. इथे पेटी कुठली? ऊब लागते ती माणसाच्या अंगाएवढी, म्हणून मी त्या नळ्या रुमालात बांधून पोटाशी, साडीच्या आत खोचल्या आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसले.

दुपारपर्यंत तशीच बसून होते. उठायची भीती, वाकायची भीती, नळीचं झाकण निघेल ही भीती. सुजाताची आई दोनदा येऊन बघून गेली. तिला सगळं कळलं होतं, तरी मला हसवायला म्हणाली, "बाई, उबवताय व्हय? किती पिल्लं निघायची?" मी हसले, आणि लगेच मला रडू आलं. तिने काही न बोलता कपभर दूध माझ्या हातात दिलं.

दुपारी सुजाताने मुरगूडहून स्पिरिट आणलं. त्याने पानांचा हिरवा रंग निघून जातो आणि निळा असला तर दिसतो. नळ्या गरम पाण्याच्या पातेल्यात धरल्या. वरच्या वाफ्यातले बहुतेक तुकडे शाईत बुडवल्यासारखे निळे झाले. ते होणारच होतं. दुसऱ्या वाफ्यातले बघितले तेवढे पांढरे पडले. तिसऱ्या-चौथ्यातलेही पांढरे. माझा श्वास जरा मोकळा झाला. मग सुजाताने दुसऱ्या वाफ्याची शेवटची नळी उजेडात धरली आणि ती तशीच धरून राहिली. तुकड्याच्या शिरेत निळी रेघ होती आणि कडेने निळं पसरत चाललं होतं.

ज्या वाफ्यांत निळं सापडलं नव्हतं, त्यांच्याबद्दलही आता मी काही सांगू शकत नव्हते. थोडी रोपं तपासली म्हणून सगळी तपासली असं होत नाही. आबांना मी हे कसं सांगू या विचारात होते. त्यांनी सांगूच दिलं नाही. नळी हातात घेतली, ती निळी रेघ डोळ्यांजवळ नेऊन बघितली, आणि फेटा काढून खांद्यावर टाकला. चारही वाफे त्यांनी स्वतः उपटले. आम्ही मागून मुळं आणि माती गोळा करत गेलो. गोठ्यात उसाची कोरडी चिपाडं होती, ती पेटवून त्यात सगळं टाकलं. ओल्या पाल्याचा धूर डोळ्यांत जात होता, त्यामुळे कोण रडतंय ते कळायला मार्ग नव्हता.

"आता पाटील," आबा म्हणाले.

दूध संस्था

संध्याकाळी त्या गावात सगळी माणसं एका ठिकाणी भेटतात, दूध संस्थेच्या दारात. किटल्या घेऊन रांग लागते, दुधाचं फॅट बघतात, आणि गावातलं सगळं बरंवाईट तिथे बोललं जातं. मी सुचवलं की पाटलांच्या घरी जाऊ, एकट्यात सांगू. सुजाताही तेच म्हणाली. आबा म्हणाले, "घरी गेलो तर त्यो वट्यावर बसंल आन् मी खाली हुबा ऱ्हाईन. संस्थेत समदी हुभीच असत्यात."

आम्ही चालत निघालो. मला पाटलाची भीती वाटत होती, गावाची वाटत होती, आणि सगळ्यात जास्त त्या म्हाताऱ्या माणसाला आता काय ऐकावं लागेल याची.

सर्जेराव पाटील आबांपेक्षा वयाने लहान, अंगाने भरलेले. किटली खाली ठेवून उभे होते. आबा समोर जाऊन म्हणाले, "सर्जेराव, परवा दिलेला तरवा उपटाय लागतोय."

रांगेतली डोकी वळली.

"का रं गणू?" पाटील म्हणाले. "दिलेला तरवा परत मागत्यात व्हय?"

"परत न्हाय मागत. जाळायचा हाय. माझाबी समदा जाळून आलोय. बी चुकीचं हुतं."

"चुकीचं म्हंजी? काय बाधलंय काय त्यात?"

मागून कुणीतरी बोललं. कोण ते मला दिसलं नाही. "तवाच म्हणत हुतो, ह्येंच्यातला तरवा आणू नगा."

आबांची मान ताठच राहिली. पण माझ्या शेजारी सुजाता उभी होती आणि तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मी पुढे झाले. मी कोण ते सांगितलं. बी आमच्या प्रयोगशाळेचं आहे, यांच्या घरचं नाही, दोष असेल तर आमचा, हे सांगितलं. वाक्य अर्ध्यावर तुटत होतं. पाटलांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पावणं, तुमचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मी गणूला इचारतोय. गणू, न उपटलं तर?"

"तर माझी पोरगी खोटी पडंल," आबा म्हणाले. "आन् मी तुमच्या रानात काय टाकलं ते मला ठावं असून गप बसलो, असं हुईल. त्ये मला न्हाय जमायचं."

पाटलांनी किटली उचलली. पुढे सरकलेल्या रांगेकडे बघितलं. "उपट," ते म्हणाले. "माझी माणसं न्हाईत येणार."

आमची आम्ही गेलो. दिवस मावळायला आला होता. पाटलाच्या बांधाला लागून ओळीत लावलेली ती रोपं दोन रात्रींत तग धरून उभी राहिली होती. चिखल घोट्यापर्यंत. एरवी अशा गवतात पाय टाकायची माझी छाती झाली नसती. त्या दिवशी सापाचा विचार मला रान सोडून रस्त्यावर आल्यावर सुचला. आबा शेवटची ओळ पुन्हा हाताने चाचपून आले.

परतीची गाडी

सकाळी आबा मुरगूडच्या स्टँडपर्यंत आले. आईने भाकरी आणि खर्डा बांधून दिला होता. या वर्षी रानात काय लावणार, असं मी विचारलं. सोयाबीन टाकतो, म्हणाले, उशीर झालाय पण येईल काहीतरी. तरवा कुणाकडे मागणार का, हे मी विचारलं नाही.

गाडी लागली तेव्हा त्यांनी इतका वेळ धरून ठेवलेलं विचारलं. "हिला काढून टाकत्यात काय?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "मला वर कळवावं लागेल. मग काय करतील ते त्यांच्या हातात. मी हिच्या बाजूने बोलेन. पण कळवायची मला फार भीती वाटते आबा."

ते माझ्याकडे नवल वाटल्यासारखे बघत राहिले. "कळवा की," ते म्हणाले. "कागदच न्हवं त्यो."

मी कळवलं. सुजाताचं काम बरेच महिने बंद राहिलं, दोनदा चौकशी झाली, मला नाही नाही ते ऐकावं लागलं. पण तिचं नाव राहिलं आणि पुढे ती डॉक्टर झाली. ते सगळं नंतरचं. त्या दिवशी वेदगंगेच्या पुलावर मी डोळे उघडे ठेवून बसले होते आणि मनात अहवालाची वाक्यं जुळवत होते. किती रोपं, कुठल्या वाफ्यात, कशी नष्ट केली.

"बाई," सुजाता म्हणाली, "आबा संस्थेत सगळ्यांच्या समोर बोलले, ते लिहिणार का?"

"ते अहवालात कुठे बसवणार, सुजाता?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. कागल गेलं तरी तिची भाषा बदलली नाही. "न्हाय बसत त्ये ठावं हाय मला," ती म्हणाली. "पर कुटंतरी लिवा."

म्हणून हे प्रवासवर्णन.